प्रयोगभूमीवरील लेखक : संशोधकांच्या सहवासातील निवास-उपक्रमांचा वाङ्मयीन विचार

साहित्य आणि विज्ञान यांच्या परस्परसंबंधांची चर्चा बहुधा दोन अंगांनी केली जाते. विज्ञानाने साहित्याला कोणते विषय पुरविले, हे तिचे एक अंग. आणि वैज्ञानिक दृष्टीने लेखकाच्या जीवनदृष्टीत कोणता पालट घडविला, हे दुसरे. या दोन्ही अंगांत विज्ञान हे सिद्ध झालेले, ग्रंथबद्ध झालेले ज्ञान म्हणून गृहीत धरलेले असते. विज्ञान ही एक चालू असलेली कृती आहे, तिला स्थळ असते, काळ असतो, माणसे असतात, चुका आणि प्रतीक्षा असते. आणि या कृतीच्या सान्निध्यात लेखक प्रत्यक्ष राहिला तर त्याच्या लेखनाचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. गेल्या सहा दशकांत पाश्चात्त्य देशांत लेखक-कलावंतांना संशोधकांच्या सहवासात ठेवणारे जे निवास-उपक्रम आणि ज्या अभ्यासवृत्ती निर्माण झाल्या, त्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे उपक्रमांचा इतिहास सांगणे अभिप्रेत नसून त्यांतून निर्माण झालेल्या लेखनाचे वाङ्मयीन मूल्य कोणत्या कसोट्यांनी ठरवावे, याची तपासणी अभिप्रेत आहे.

१. पार्श्वभूमी

१९५९ मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात सी. पी. स्नो यांनी 'दोन संस्कृतीं'चा सिद्धांत मांडला. साहित्यिक आणि वैज्ञानिक हे एकमेकांची भाषा न समजणारे दोन समाज झाले आहेत, हे त्यांचे प्रतिपादन पुढे बरेच गाजले व तितकेच विवाद्यही ठरले. या निदानाला अनुसरून पुढील काळात जे उपाय सुचविले गेले, त्यांत कलावंत व संशोधक यांना एकत्र काम करावयास लावणे हा एक होता.

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे 'नाइन ईव्हनिंग्ज' हा प्रयोग झाला. दहा कलावंत आणि बेल प्रयोगशाळेतील सुमारे तीस अभियंते यांनी मिळून तो उभा केला. ज्या इमारतीत १९१३ चे प्रसिद्ध आधुनिक चित्रप्रदर्शन भरले होते, त्याच इमारतीत तो व्हावा, हा योगही लक्षणीय होता. अभियंता बिली क्लूव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग हे त्याचे प्रमुख सूत्रधार. त्यांतून 'एक्स्पेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' ही संस्था जन्माला आली. अभियंत्याने कलावंताची केवळ तांत्रिक गरज भागवावी असे येथे अपेक्षित नव्हते. दोघांनी मिळून, एकट्याला सुचले नसते असे काही निर्माण करावे, हे त्यामागील सूत्र होते.

याच सुमारास लंडनमध्ये बार्बरा स्टेव्हेनी आणि जॉन लॅथम यांनी 'आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुप' स्थापन केला. कलावंताला उद्योगसंस्था आणि शासकीय खाती यांत पाठविण्याची ही योजना होती. तिचा संबंध थेट वैज्ञानिक संशोधनाशी नसला, तरी तिने मांडलेले 'खुल्या निर्देशा'चे तत्त्व पुढील सर्व उपक्रमांच्या मुळाशी जाणारे आहे. संस्थेने कलावंताला काय निर्माण करावयाचे हे आधी सांगू नये. त्याने प्रथम तेथे राहावे, पाहावे आणि मग काय करावयाचे ते ठरवावे, असे हे तत्त्व. निवास-उपक्रम आणि मागणीबरहुकूम लेखन यांतील सीमारेषा या तत्त्वाने आखली जाते.

पुढे ब्रिटनमध्ये वेलकम ट्रस्टने १९९६ ते २००६ या काळात 'सायआर्ट' योजनेद्वारे कलावंत-शास्त्रज्ञांच्या संयुक्त प्रकल्पांना अर्थसाहाय्य दिले. जिनीव्हाजवळील 'सर्न' या कणभौतिकीच्या संशोधनकेंद्राने २०११ पासून कलावंतांसाठी निवासाची योजना आखली. तिच्या आरंभीच्या निवासींत ज्युलियस फॉन बिस्मार्क हा दृश्यकलावंत आणि जील जोबँ हा नृत्यरचनाकार यांचा समावेश होता. जोबँ यांची 'क्वांटम' ही नृत्यरचना २०१३ मध्ये तेथील एका शोधकयंत्राच्या स्थळी सादर झाली. ही उदाहरणे दृश्यकलेची व प्रयोगकलेची आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला अधिक उद्‌बोधक ठरणारी उदाहरणे प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर, अरण्यात आणि हिमभूमीवर सापडतात.

२. अँड्र्यूज अरण्य : दोनशे वर्षांचा कालावधी

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक अरण्य आहे. सुमारे ६,४०० हेक्टरांच्या या अरण्यात १९४८ पासून संशोधन चालू आहे. डग्लस फर वृक्षांची शतकानुशतके वयाची रानेही येथे आहेत आणि पूर्वी तोडलेल्या जंगलाचे मोकळे पट्टेही आहेत. वृक्ष, झरे, माती आणि ठिपकेदार घुबड यांविषयी येथे झालेल्या संशोधनाचा त्या प्रदेशाच्या वनधोरणावर खोल परिणाम झाला. १९९० मध्ये या घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि १९९४ मध्ये वायव्येकडील वनांसाठी नवी योजना अमलात आली. वृक्षतोडीवर पोट भरणारी गावे आणि जुनी रानेच राहावीत असे म्हणणारे नागरिक यांच्या तीव्र संघर्षात या अरण्यातील आकडेवारी उभी होती. म्हणजे येथील विज्ञान समाजापासून अलिप्त कधीच नव्हते.

या अरण्यातील एक प्रयोग वाङ्मयीन दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १९८५ मध्ये मार्क हार्मन या शास्त्रज्ञाने चार जातींच्या वृक्षांचे पाचशेहून अधिक ओंडके रानात ठिकठिकाणी मांडून ठेवले. पडलेले लाकूड कसे कुजते, त्यात कोणती कीटके व बुरशी शिरतात आणि त्यातील द्रव्ये मातीत कशी परततात, हे पाहावयाचे. आणि ते दोनशे वर्षे पाहावयाचे. ज्याने प्रयोग मांडला तो त्याचा शेवट पाहणार नाही, हे आरंभीच मान्य करून मांडलेला हा प्रयोग आहे.

लेखकांसाठीचा उपक्रम याच कल्पनेतून उगवला. ऑरेगन राज्य विद्यापीठातील 'स्प्रिंग क्रीक' प्रकल्पाच्या प्रवर्तक, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका कॅथलीन डीन मूर आणि वनसेवेतील भूशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्वॉन्सन यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये 'दीर्घकालीन पर्यावरणीय चिंतने' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याची मुदत २२०३ पर्यंतची आहे. लेखकाने साधारण आठवडाभर अरण्यात राहावे, संशोधकांबरोबर हिंडावे, आणि काही ठराविक स्थळांना अवश्य भेट द्यावी, अशी त्याची रचना आहे. कुजणाऱ्या ओंडक्यांची जागा, ओढ्यातील गोट्यांचे बेट, वृक्षतोड झालेला पट्टा ही त्यांपैकी काही स्थळे होत. प्रत्येक लेखकाचे लेखन एका संग्रहात जमा होते. शास्त्रज्ञ जसा त्याच चौकोनातील मोजमाप वर्षानुवर्षे घेतो, तसे एकाच स्थळाचे शब्दांकन पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखकांकडून होत राहावे, ही त्यामागील कल्पना. या लेखनातील निवडक भाग 'फॉरेस्ट अंडर स्टोरी' या नावाने २०१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या रचनेत साहित्यविषयक एक धाडसी गृहीतक दडलेले आहे. सामान्यतः वाङ्मयात आपण व्यक्तिविशिष्ट अनुभवाला महत्त्व देतो व पुनरावृत्ती हा दोष मानतो. येथे पुनरावृत्ती हाच पद्धतीचा गाभा आहे. तोच ओंडका, तोच ओढा. पाहणारा निराळा, काळ निराळा. एका लेखकाचा मजकूर सुटा वाचला असता तो ललितनिबंध वाटतो. पण तो मालिकेत ठेवून वाचला की त्याला साक्षीचे रूप येते. त्याचे मूल्य केवळ त्याच्या घाटात उरत नाही, तर आधीच्या व नंतरच्या साक्षींशी असलेल्या त्याच्या नात्यातही निर्माण होते. एकाच पंथमार्गावरून चालत आलेल्या वारकरी संतकवींच्या रचना वाचणाऱ्या मराठी अभ्यासकाला ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. एकाच क्षेत्राची, एकाच दैवताची अनेक शतकांतील अनेकांनी दिलेली साक्ष एकत्र वाचण्याची सवय आपल्या परंपरेत आहे.

या कार्यक्रमातील लेखनाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून रॉबिन वॉल किमरर यांचा पावसाविषयीचा निबंध घेता येईल. तो पुढे त्यांच्या 'ब्रेडिंग स्वीटग्रास' (२०१३) या ग्रंथातही आला. किमरर या वनस्पतिशास्त्रज्ञ असून पोटावाटोमी या मूलनिवासी जमातीच्या आहेत. पावसात बसून त्या थेंब न्याहाळतात. शेवाळावरून, सूचिपर्णांवरून, अल्डरच्या फांदीवरून पडणाऱ्या थेंबांचा आकार आणि पडण्याची गती निराळी का असावी, वृक्षातील टॅनिनचा त्याच्याशी काही संबंध असेल काय, असे प्रश्न त्यांना पडतात. येथे तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, निबंधातील कुतूहल हे वैज्ञानिक कुतूहलच आहे. परंतु ते गृहीतकाच्या उंबऱ्यावर थांबते, सिद्धीची घाई करीत नाही. दुसरी, 'पाऊस' हे सामान्यनाम विघटित होऊन निरनिराळ्या थेंबांत वाटले जाते. म्हणजे निरीक्षणाने भाषेची पुनर्रचना होते. तिसरी, काळाचा प्रश्न. थेंब, ओढा आणि वृक्ष यांची कालमाने भिन्न आहेत व मनुष्याचे कालमान हे त्यांपैकी केवळ एक आहे, ही जाणीव निबंधात विधानाने येत नाही, निरीक्षणाच्या ओघात येते. ओंडक्यांच्या प्रयोगामागील दीर्घकाळाची कल्पना येथे भावविश्वात उतरली आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये विजेमुळे लागलेली 'लुकआउट' आग या अरण्याच्या फार मोठ्या भागातून गेली. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी दोनशे वर्षांची कल्पना मांडली, त्यांच्या संग्रहाचा अर्थ त्यामुळे एकाएकी बदलला. आगीपूर्वीचे निबंध व कविता लिहिल्या गेल्या तेव्हा त्या वर्तमानाच्या साक्षी होत्या. आता त्या गेलेल्या रानाच्या साक्षी झाल्या. लेखकांपैकी कोणालाही हा अर्थ अभिप्रेत नव्हता. मजकुराचा अर्थ लेखकाच्या हेतूबाहेर वाढतो, हे समीक्षेतील सूत्र येथे एखाद्या सिद्धांताच्या आधाराशिवाय, प्रत्यक्ष घटनेने सिद्ध होते. राखेनंतर त्याच स्थळी जाणाऱ्या लेखकाला आपल्या पूर्वसूरींचे लेखन हातात घेऊन उभे राहावे लागेल. अशी वाङ्मयीन जबाबदारी अन्य कोणत्याही उपक्रमाने निर्माण केलेली क्वचितच आढळेल.

३. अंटार्क्टिका : संशोधकांचा समाज

अँड्र्यूज अरण्यात लेखकाचे लक्ष प्रामुख्याने निसर्गाकडे वळते. अंटार्क्टिकात ते संशोधकांकडेही वळते, कारण तेथे मनुष्यवस्तीच संशोधनासाठी झालेली आहे. अमेरिकेच्या 'नॅशनल सायन्स फाउंडेशन'ने लेखक-कलावंतांना आपल्या तळांवर नेण्याचा कार्यक्रम राबविला. त्यातून सारा व्हीलर यांचे 'टेरा इन्कॉग्निटा' (१९९६) हे प्रवासवर्णन आणि किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 'अंटार्क्टिका' (१९९७) ही कादंबरी निर्माण झाली. व्हर्नर हेर्त्सोग यांचा 'एन्काउंटर्स ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड' (२००७) हा अनुबोधपटही याच कार्यक्रमाचे फलित होय.

रॉबिन्सन १९९५ मध्ये अंटार्क्टिकात गेले. त्यांच्या कादंबरीत भूशास्त्रातील एक खरा वाद कथानकाच्या गाभ्याशी आणला आहे. पर्वतरांगांतील 'सिरियस' नावाच्या निक्षेपांवरून तो उद्भवला. पूर्व अंटार्क्टिकाचे हिमआवरण सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणात वितळले होते, असा एक पक्ष. ते त्याच्याही कितीतरी आधीपासून स्थिर आहे, असा दुसरा. हा वाद केवळ भूतकाळाचा नाही. पृथ्वी थोडी उष्ण झाली तर हिमआवरण टिकेल की नाही, या आजच्या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. कादंबरीत हा वाद तंबूत, थंडीत, नमुने गोळा करताना चालतो. शास्त्रज्ञांची एकमेकांविषयीची असूया, पुराव्याविषयीचा आदर आणि मतभेद असूनही टिकणारी सहकार्याची रीत यांतून लेखक एका समाजाचे चित्र उभे करतो. विज्ञानकादंबरीत विज्ञान बहुधा एखाद्या यंत्राच्या किंवा आपत्तीच्या रूपाने येते. येथे ते वादसंवादाची संस्कृती म्हणून येते. अनिर्णित वादाला कथानकात स्थान देण्याचे हे धैर्य वर्तमानपत्री माहितीतून येणे कठीण. त्यासाठी वाद घालणाऱ्यांच्या शेजारी बसावे लागते.

व्हीलर यांच्या पुस्तकाचे बळ निराळे आहे. ध्रुवीय शोधयात्रांच्या वीरगाथा आणि आजच्या तळांवरील पुरुषी वातावरण यांकडे त्या एका स्त्रीच्या तिरकस, विनोदी दृष्टीने पाहतात. हेर्त्सोग यांनी तर आपण पेंग्विनांवरचा आणखी एक चित्रपट करणार नाही, हे आधीच बजावले होते आणि ते चित्रपटातच सांगून टाकले. शास्त्रज्ञांइतकेच यंत्रचालक आणि कारागीर यांनाही त्यांच्या चित्रपटात स्थान आहे. यजमान संस्थेच्या अपेक्षांना वळसा घालण्याचे स्वातंत्र्य या तिन्ही कृतींत दिसते. 'खुल्या निर्देशा'चे तत्त्व व्यवहारात उतरल्याची ही खूण म्हणता येईल.

४. आक्षेप आणि कसोट्या

या उपक्रमांवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप प्रसिद्धीचा. संशोधनसंस्थांना शासनाकडून पैसा हवा असतो, त्यासाठी समाजाची अनुकूलता हवी असते; लेखक ती मिळवून देणारा सुसंस्कृत प्रचारक ठरतो. दुसरा आक्षेप विषमतेचा. लेखक प्रयोगशाळेतून विषय घेऊन जातो, पण शास्त्रज्ञाच्या कामावर त्या सहवासाचा परिणाम दाखविणे अवघड असते. त्यामुळे 'सहकार्य' हा शब्द अतिशयोक्त वाटतो. तिसरा आक्षेप रूपकाचा. 'पुंज', 'अनिश्चितता', 'कृष्णविवर' या संज्ञा त्यांच्या मूळ अर्थापासून तोडून भावनेची गडद रूपके म्हणून वापरण्याचा मोह लेखकांना होतो. चौथा आक्षेप अल्पकाळाचा. आठवडाभराच्या मुक्कामात पाहुण्याची नजरच प्राप्त होणार.

यांतील तिसरा आक्षेप वाङ्मयीन दृष्ट्या गंभीर आहे. रूपक करताना वैज्ञानिक संकल्पनेची शिस्त पाळली जाते काय, हे पाहणे समीक्षकाचे काम होय. किमरर यांचा थेंब रूपक होण्यापूर्वी थेंब असतो. रॉबिन्सन यांचे निक्षेप प्रतीक होण्यापूर्वी निक्षेप असतात. जेथे हा क्रम उलटतो तेथे लेखन पोकळ होते. चौथ्या आक्षेपाला अँड्र्यूज अरण्याने दिलेले उत्तर विचारार्ह आहे : एका लेखकाचा मुक्काम अल्प असला, तरी स्थळ तेच ठेवून लेखकांची मालिका दीर्घ करता येते. पहिल्या दोन आक्षेपांना मात्र पूर्ण उत्तर नाही. संस्थेने दिलेले स्वातंत्र्य आणि लेखकाने ते प्रत्यक्ष वापरलेले दिसणे, यांवरच प्रत्येक वेळी निर्णय करावा लागेल.

५. मराठीच्या संदर्भात

मराठीत साहित्य आणि विज्ञान यांची गाठ मुख्यतः उलट दिशेने पडली. येथे लेखक प्रयोगशाळेत गेला नाही. शास्त्रज्ञ साहित्यात आला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांनी 'नारायण विनायक जगताप' असे आद्याक्षरे उलटवून घेतलेले टोपणनाव धारण करून 'कृष्णविवर' ही कथा या स्पर्धेस पाठविली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. बाळ फोंडके, निरंजन घाटे प्रभृतींनी ही परंपरा वाढविली. शास्त्रज्ञ-लेखकाच्या लेखनात संकल्पनेची अचूकता असते, हे तिचे बळ. परंतु त्याला आपल्या कामाचे वातावरण इतके परिचित असते की त्याला ते वर्ण्य वाटत नाही. उपकरण बिघडल्यानंतरची रात्र, नोंदवहीतील खाडाखोड, सहायकाचे कौशल्य, निष्फळ गेलेले वर्ष यांकडे बाहेरून आलेल्या लेखकाचेच लक्ष जाते.

दुसरी एक वाट निसर्गलेखनाची. वनसेवेत आयुष्य घालविलेल्या मारुती चितमपल्ली यांचे लेखन आणि वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्षाचे चित्रण करणारी व्यंकटेश माडगूळकर यांची 'सत्तांतर' (१९८२) ही या वाटेवरील ठळक उदाहरणे होत. माडगूळकर शास्त्रज्ञ नव्हते; तरी प्राण्याला माणसाचे मन न देता त्याचे वर्तन टिपण्याची शिस्त त्या कृतीत आहे. स्थळी दीर्घकाळ राहणे आणि निरीक्षणाशी प्रामाणिक राहणे ही निवास-उपक्रमांची दोन मूल्ये मराठीत या लेखकांनी उपक्रमाविना सिद्ध केली आहेत.

कलेच्या क्षेत्रात होमी भाभा यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आधुनिक चित्रांचा संग्रह उभा केला. तेथील हुसेन यांचे भित्तिचित्र प्रसिद्ध आहे. परंतु हा संबंध मुख्यतः संग्राहक आणि चित्रकार यांचा होता. चित्र इमारतीत आले. संशोधन चित्राचा विषय व्हावे, असा त्याचा आग्रह नव्हता.

मराठीपुढील खरा प्रश्न दोन संस्कृतींचा आहे त्याहून अधिक दोन भाषांचा आहे. स्नो यांच्या विवेचनात शास्त्रज्ञ व साहित्यिक एकच भाषा बोलत होते. महाराष्ट्रात संशोधन इंग्रजीत लिहिले जाते आणि त्याच्या भोवतालचे जीवन मराठीत चालते. जुन्नर तालुक्यात खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या आसपास शेती आहे, गावे आहेत. गोव्यातून ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली आणि आज ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही वास्को येथे आहे. अशा ठिकाणी तंत्रज्ञ, चालक, सुरक्षारक्षक आणि संशोधक यांच्या तोंडी एक मिश्र मराठी घडत असते. परिभाषाकोशातील मराठी आणि ही बोलली जाणारी मराठी यांतील अंतर कोशकार एकटा भरून काढू शकत नाही. विज्ञानाची भाषा अनुभवाची भाषा होते ती लेखकाच्या हातून. आणि त्यासाठी ती प्रथम त्याच्या कानावर पडावी लागते. निवास-उपक्रमाची मराठीला असलेली गरज ही विज्ञानप्रसाराची गरज नसून भाषेची गरज आहे, असे म्हणावयास हवे.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. (१) संशोधकांच्या सहवासातील लेखनाचे वैशिष्ट्य वैज्ञानिक माहितीत नसून विज्ञान ही कृती म्हणून अनुभवण्यात आहे. (२) या लेखनाची पहिली कसोटी ही की, रूपक होण्यापूर्वी वस्तू वस्तू म्हणून उभी राहिली पाहिजे. (३) दुसरी कसोटी ही की, यजमान संस्थेला सोयीचे नसलेले, अनिर्णित व अपूर्ण असे काही त्यात आले पाहिजे. (४) एकाच स्थळाविषयीचे अनेकांचे लेखन एकत्र वाचल्यास वाङ्मयाला साक्षीचे मूल्य प्राप्त होते. ते एकेका कृतीच्या मूल्यमापनात हाती लागत नाही. (५) मराठी विज्ञानसाहित्याचा विचार आजवर कथेच्या अंगाने अधिक झाला. प्रवासवर्णन, ललितनिबंध आणि नोंदवही या रूपांच्या अंगाने तो होणे अगत्याचे आहे.

अँड्र्यूज अरण्यातील कुजणारे ओंडके पाहावयास आणखी दीड शतकाहून अधिक काळ संशोधक जात राहावेत, अशी योजना आहे. त्यांच्याबरोबर एक लेखकही जात राहावा, असे तेथील शास्त्रज्ञांना वाटले. लाकूड किती घटले हे मोजता येते. ते घटताना पाहणाऱ्या माणसाला काय वाटले, याची नोंदही पुढील पिढीला लागेल, ही त्यांची श्रद्धा होती. साहित्याच्या उपयुक्ततेविषयी साहित्याचे अभ्यासकच जेव्हा साशंक होतात, तेव्हा ही श्रद्धा एका प्रयोगभूमीवरून व्यक्त व्हावी, ही गोष्ट त्यांना विचारप्रवृत्त करणारी आहे.